एकशे नव्याण्णवच्या पुढे

आर्डिस फेब्रुवारीत गेली. आमच्याकडे अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सरोवराकाठच्या डुलुथला फेब्रुवारीत जमीन दगडासारखी असते, कुदळ मारली तर ठिणग्या उडतात. म्हणून हिवाळ्यात गेलेली माणसं स्मशानाच्या दगडी खोलीत वाट पाहतात आणि बर्फ उतरला की त्यांना जमिनीत जागा मिळते. तिचा नवरा टोर्गर नेस्विक म्हणाला, घाई नाही, मे महिन्यात करू. तोपर्यंत दगड तयार होईल.

दगडावर काय कोरायचं ते त्याचं ठरलेलं होतं. दोघांची नावं, जन्मसालं, त्याखाली ५६०५२३६१ ही संख्या आणि तिच्याखाली एकच शब्द : अविभाज्य.

"एइनो, तू कार्ड लिही," तो मला म्हणाला. "पुरल्यानंतर जेवणाच्या वेळी वाचून दाखव."

मी चाळीस वर्षं गावच्या ग्रंथालयात पुस्तकांचं वर्गीकरण करत होतो. निवृत्त झाल्यावर तीच सवय संख्यांकडे वळली. लूथरन चर्चच्या तळघरात दर मंगळवारी दुपारी आम्ही काही म्हातारी माणसं जमतो, गाळ खाली बसावा म्हणून अंडं घालून उकळलेली कॉफी पितो आणि संख्यांविषयी बोलतो. आमच्यातला कुणी गेला की त्याच्या आवडत्या संख्येचं कार्ड मी लिहितो : सम की विषम, मूळ की संयुक्त, न्यून, अधिक की परिपूर्ण, अंकांची बेरीज, कुळ. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण कार्ड हातात असलं की निदान खाली बघायला काहीतरी असतं.

आमच्यात दोन नियम आहेत. कागद, पेन्सिल आणि शाळकरी कॅल्क्युलेटर चालतो, संगणक चालत नाही. संगणक क्षणात उत्तर सांगतो, पण मग त्या संख्येची ओळख होत नाही असं आमचं मत. दुसरा नियम असा की दुसऱ्याच्या संख्येला हात लावायचा नाही. जो तो आपल्या संख्येबद्दल जे सांगेल ते खरं मानायचं. एखाद्याच्या डब्यात आपण बोट घालतो का? तसंच हे.

म्हणून टोर्गरची संख्या मूळ आहे, ती एक आणि स्वतः सोडून कशानेही भागली जात नाही, हे आम्ही सगळे वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. छप्पन्न साली त्याने आर्डिसला बेकरीच्या काउंटरमागे पहिल्यांदा पाहिलं. एकसष्टच्या मे महिन्याच्या तेवीस तारखेला त्यांचं लग्न झालं, मंगळवारी, कारण तो ज्या खनिजाच्या बोटीवर कामाला होता ती त्याच दिवशी बंदरात होती. आमच्याकडे आधी महिना, मग दिवस, मग साल लिहितात. छप्पन्न, शून्य पाच, तेवीस, एकसष्ट. पुढच्या हिवाळ्यात बोटी गोदीला बांधलेल्या असताना त्याने ही संख्या तपासली आणि बायकोला सांगितलं, आपल्याला कुणी भागू शकत नाही. आर्डिसला गणितात काडीचा रस नव्हता. ती वेलची घातलेला पाव घेऊन तळघरात यायची, त्याचं बोलणं ऐकून हसायची आणि पाव कापायला लागायची.

मूळ संख्येच्या कार्डावर लिहायला फार काही नसतं. मोठ्या माणसाच्या घरी जावं आणि बैठकीत एकच खुर्ची असावी, तसं. मी लिहिलं : विषम. न्यून. अंकांची बेरीज अठ्ठावीस, आणि अठ्ठावीस ही स्वतः परिपूर्ण संख्या, ती स्वतः सोडून तिच्या बाकी अवयवांची बेरीज तीच येते. एवढ्यावर माझं कार्ड अर्धंही भरलं नाही. आर्डिसने मला कितीतरी हिवाळे पावाचा टोकाचा तुकडा, मला आवडतो तो कडक, बाजूला काढून ठेवला होता. तिच्यासाठी आणखी काहीतरी हवं होतं.

मग मला सुचलं. चारने भागल्यावर एक बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या ही दोन वर्गांची बेरीज असते आणि ती बेरीज एकाच प्रकारे होते. तेरा म्हणजे नऊ आणि चार. एकोणतीस म्हणजे पंचवीस आणि चार. टोर्गरच्या संख्येला चारने भागलं की एकच उरतो. म्हणजे तिच्या आत कुठेतरी दोन वर्ग होते, एक त्याचा आणि एक तिचा, आणि अठ्ठेचाळीस वर्षांत ते कुणी पाहिलेले नव्हते. मी ते शोधणार होतो. संख्येला हात लावण्याचा हा प्रकार नव्हता, कार्ड लिहायला त्यानेच सांगितलं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सकाळी दलिया खाऊन झाला की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. शेवटचे अंक पाहिले की एवढं कळतं, दोहोंपैकी एक वर्ग पाचने भाग जाणाऱ्या संख्येचा असला पाहिजे. म्हणून पाचच्या पटीतल्या संख्या घ्यायच्या, एकेकीचा वर्ग वजा करायचा आणि उरलेलं वर्ग आहे का ते पाहायचं. सात हजार चारशे पंच्याऐंशी घेतली. उरले सत्तावीस हजार एकशे छत्तीस. एकशे पासष्टचा वर्ग सत्तावीस हजार दोनशे पंचवीस. थोडक्यात हुकलं. पुढची घेतली. आणखी दोन चाळण्या लावल्यावर काम पुष्कळ कमी झालं, तरी मार्च त्यातच गेला. खिडकीबाहेर सरोवरावरचा बर्फ पांढऱ्याचा करडा झाला.

एप्रिल लागला आणि माझ्या संख्या संपल्या. दोन वर्ग सापडले नाहीत.

काही चुकलं की ते माझंच चुकलं असणार, असं मला आधी वाटतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. मी सगळं पुन्हा केलं. खालून वर केलं. एके ठिकाणी वजाबाकीत चूक सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. ती दुरुस्त केली. तरी वर्ग नाही.

मार्सेला ग्राहेक आमच्यातली एकटीच खरी गणितवाली. वर उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या गावात तिने शाळेत गणित शिकवलं होतं. मंगळवारी टोर्गर दगडाच्या कारागिराकडे गेला होता तेव्हा मी तिला गाठलं आणि सगळे कागद तिच्यापुढे ठेवले.

"चुकतंय कुठे ते बघतेस का? माझं काहीतरी सुटलंय."

ती कागदांवरून बोट फिरवत राहिली. "एइनो, तू मेल्यावर स्वर्गाच्या दारात उभा राहशील आणि आधी विचारशील, माझा पत्ता चुकला तर नाही ना?"

"विचारीन. पण यात काय चुकलंय?"

"यात काही चुकलेलं नाही. हस्ताक्षर सोडून."

"मग वर्ग सापडायला हवे होते. प्रमेय तर खरं आहे."

"प्रमेयाला साडेतीनशे वर्षं झाली, ते काही एवढ्यात बिघडायचं नाही." तिने कॉफीचा घोट घेतला आणि कप खाली ठेवलाच नाही. "प्रमेय मूळ संख्यांबद्दल आहे."

दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. खरं म्हणजे तिच्या आधीच आलं असावं आणि मला थोडा वेळ मिळावा म्हणून ती कप धरून बसली असावी.

"तू भागून बघ," मी म्हणालो.

"मी? नाही बाबा. माझी संख्या नाही ती. कार्ड तुला सांगितलंय, तूच बघ. आणि दगड कोरायला कधी घेतायत?"

"सोमवारी."

"मग बघच," ती म्हणाली आणि माझ्या कागदांची चळत नीट करून मला परत दिली.

घरी आल्यावर मी कोट काढला नाही. टोर्गर नेहमी सांगायचा की दोनशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी त्याने भागून पाहिलं होतं आणि मग फर्मा या जुन्या गणितज्ञाची परीक्षा घेतली होती. ती परीक्षा अशी. दोन घ्यायचे, त्यांना दोनने गुणत जायचं, तपासायच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या दोनांचा गुणाकार होईपर्यंत, मग त्या संख्येने भागायचं. संख्या मूळ असेल तर बाकी एकच उरते. अर्थात एवढे गुणाकार कुणी करत नाही, वर्गाचे वर्ग करत उड्या मारत जातात, तरीही आठ अंकी संख्येला कागदावर कित्येक दिवस लागतात. टोर्गरने ती परीक्षा दोनवर केली, तीनवर केली, पाचवर केली. तिन्ही वेळा बाकी एक.

मी त्याच्या भागाकारांवर विश्वास ठेवला. दोनशेच्या पुढून सुरुवात केली. एकशे नव्याण्णवनंतर अकरा घरं रिकामी आहेत, एकही मूळ संख्या नाही. मग दोनशे अकरा येते. मी पाच कोटी साठ लाख बावन्न हजार तीनशे एकसष्टला दोनशे अकराने भागायला घेतलं. खाली उतरत गेलो. शेवटी दोनशे अकरा उरले, एकचा भाग गेला आणि खाली शून्य आलं.

मी ते शून्य बराच वेळ पाहत राहिलो. पहिलाच दरवाजा. टोर्गर त्याच्या उंबरठ्याशी येऊन परत फिरला होता.

भागाकार दोन लाख पासष्ट हजार सहाशे एक्कावन्न आला. तोही मी फोडला, त्याला मात्र गुरुवार उजाडला. चारशे एकवीस गुणिले सहाशे एकतीस. आता संख्या माझ्यासमोर तीन तुकड्यांत पडलेली होती : २११, ४२१, ६३१. मला वाईट वाटत होतं, आणि तरीही वर्गीकरणाची जुनी सवय म्हणून मी त्या तिघांकडे एका ओळीत पाहिलं. सगळ्यांच्या शेवटी एक. तो एक काढला.

दोनशे दहा. चारशे वीस. सहाशे तीस.

दोनशे दहाची एक पट, दोन पट, तीन पट. आणि दोनशे दहा म्हणजे दोन गुणिले तीन गुणिले पाच गुणिले सात, पहिल्या चार मूळ संख्या, कुणी हाताने ओळीने मांडाव्यात तशा. मी खुर्चीवरून उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. आकडे तिथेच होते. आयुष्यभर मी पुस्तकं कपाटात लावली, पण ती कुणीतरी लिहिलेली असत. हे कुणी लिहिलेलं नव्हतं. टोर्गर बेकरीत शिरला त्याआधी, बेकरी होण्याआधी, या सरोवरात पाणी येण्याआधीसुद्धा हे असंच होतं. एका खलाशाने प्रेमात पडल्याचं साल आणि लग्नाची तारीख जोडून लिहिली आणि नकळत याच्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तिथली कपाटं मला माझ्या घरापेक्षा जास्त माहीत आहेत. पुस्तकात ते कुळ सापडलं. कारमायकल संख्या म्हणतात त्यांना. त्या संयुक्त असतात, फुटतात, पण फर्माची परीक्षा कुठल्याही आकड्यावर घ्या, त्याला त्यांच्या अवयवांनी भाग जात नसला की बाकी एकच येते. मूळ संख्येनेही याहून अधिक काय करावं? त्यातली एक शाखा तर अशी की तीन अवयव, आणि एक वजा केल्यावर एकाच संख्येची एक, दोन, तीन पट. पहिली, सात, तेरा, एकोणीस यांच्या गुणाकाराची. दुसरी, सदतीस, त्र्याहत्तर, एकशे नऊ यांची. ती सहा अंकी. तिसरी टोर्गर आणि आर्डिसची. आठ अंकी संख्या नऊ कोटी आहेत. त्या नऊ कोटींत या शाखेची ही एकच.

हे पुढे कुठपर्यंत जातं, ही शाखा कधी संपते की नाही, ते कुणालाच माहीत नाही असं पुस्तकात लिहिलं होतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग पुस्तक जागेवर ठेवलं आणि टोर्गरकडे गेलो. शुक्रवार होता.

तो स्वयंपाकघरात आर्डिसचे बर्फातले बूट पुसत होता. "ये. कॉफी आहे. कार्ड झालं?"

मी वाटेत चांगलं वाक्य तयार केलं होतं. ते विसरलो. "टोर्गर, ती मूळ नाही," असं म्हणून बसलो.

"काय मूळ नाही?"

"संख्या. दोनशे अकराने भाग जातो."

त्याने बूट खाली ठेवला. "मी तुला कार्ड लिहायला सांगितलं होतं. ऑपरेशन करायला नाही."

"हो. मी दोन वर्ग शोधत होतो, तुमच्या दोघांचे. ते सापडेनात."

"तुझं चुकलं असेल. तुझं चुकतंच."

"मलाही तसंच वाटलं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. टोर्गर, सोमवारी तो शब्द कोरला जाईल म्हणून आलो, नाहीतर..."

त्याने टेबलाचा खण ओढला, पेन्सिल काढली आणि दुधाच्या बिलाच्या मागे भागाकार मांडला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याचे हात जाड आहेत, इंजिनघरात आयुष्य गेलं, पण आकडे बारीक आणि सरळ. पेन्सिलचा आवाज थांबला. मग पुन्हा आवाज सुरू झाला, तो दुसऱ्यांदा भागत होता.

"एकशे नव्याण्णवपर्यंत आलो होतो," तो शेवटी म्हणाला. "तेवढ्यात कंपनीचा फोन आला. त्या वर्षी बर्फ लवकर फुटला. बोटीवर गेलो तो कागद तसाच घेऊन. म्हटलं आता फर्माच करू, पाळी संपल्यावर झोपायच्या आधी. तीन वेळा बरोबर आली ती, एइनो! मग परत मागे कोण जातं?"

"कुणीच गेलं नसतं."

"म्हणजे परीक्षा चुकीची केली मी."

"नाही. तुझी एकही बाकी चुकलेली नाही. दोनशे दहापर्यंत कुठलाही आकडा घेतला असतास तरी बाकी एकच आली असती. ती संख्याच तशी आहे."

मी कागद ओढला आणि तीन अवयव लिहिले. मग प्रत्येकातून एक काढून खाली लिहिलं आणि पेन्सिल त्याच्यापुढे ठेवली. बोललो असतो तर बिघडवलं असतं. टोर्गर आकड्यांकडे पाहत होता. त्याचं बोट दोनशे दहावर आलं, चारशे वीसवर गेलं, सहाशे तीसवर थांबलं आणि परत आलं.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला. "दोन, तीन, पाच, सात."

"हो."

"आणि हे आमच्या तारखेत?"

"तुमच्याच. आठ अंकांत दुसरी अशी नाही."

कॉफी उतू जायला लागली. मी उठून ती उतरवली, कारण तो उठेल असं दिसत नव्हतं. मी दोन कप भरले.

"ती एकदा गेली होती," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "चौऱ्याहत्तरमध्ये. टू हार्बर्सला, बहिणीकडे. अख्खा हिवाळा. तुला माहीत नसेल."

मला माहीत नव्हतं. कुठे पाहावं ते मला कळेना, म्हणून मी बुटांकडे पाहिलं.

"मी आणायला गेलो नाही. आकडा होता ना माझ्याकडे! भाग जात नाही म्हणजे जात नाही, येईल आपली. एप्रिलमध्ये आली. पिशवी खाली ठेवली आणि पीठ भिजवायला घेतलं. त्यानंतरही दर वर्षी तारखेला मी तिला तेच सांगायचो, अविभाज्य. आणि ती हसायची. कशाला हसायची, ते मी कधी विचारलं नाही." त्याने कप उचलला. "आता तो शब्द तिच्या डोक्यावर ठेवणार होतो मी. कायमचा."

मग भिंतीवरचा फोन काढून त्याने कारागिराला लावला.

"नेस्विक बोलतोय. तो खालचा शब्द काढा... हो, संख्या राहू दे. तशीच... बदलून काही नको, नुसता काढा... साचा कापलाय? मग फेकून द्या साचा... जागा रिकामी दिसेल? दिसू दे की." त्याने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "म्हणतो, विचित्र दिसेल. त्याला काय जातंय विचित्र म्हणायला. त्याची बायको जिवंत आहे."

जमीन मेच्या सुरुवातीलाच मोकळी झाली होती, पण टोर्गर तेवीस तारखेपर्यंत थांबला. त्या दिवशी शनिवार होता. खाली बंदरात खनिजाची एक बोट आत येत होती. बंदराच्या तोंडावरच्या उचलत्या पुलाने भोंगा दिला, बोटीने उत्तर दिलं. पाद्रीबाबा ते संपेपर्यंत प्रार्थना थांबवून उभे राहिले, आमच्याकडे त्यांना तशी सवय असते. दगड करडा, साधा. नावं, सालं, संख्या. खाली हातभर गुळगुळीत जागा.

चर्चच्या तळघरात मी कार्ड वाचलं. विषम, न्यून, अंकांची बेरीज अठ्ठावीस, संयुक्त, तीन अवयव, आणि ते अवयव. मग कुळ. एवढ्या शब्दांत ते मावत नव्हतं आणि जास्त शब्द माझ्याकडे नव्हते. पण तळघरात कुणी कप हलवला नाही. आर्डिसच्या बहिणीला यातलं काही कळलं नसावं, तरी तिने दोनशे दहाला मान डोलावली. मार्सेलाने नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

नंतर आम्ही तिघं पुन्हा वर दगडापाशी गेलो, कारण टोर्गरला फुलं सरळ करायची होती.

"लोकांना वाटेल टेलिफोन नंबर आहे," मार्सेला म्हणाली.

"आठ आकडी? आपल्याकडे सात असतात. लागणार नाही," टोर्गर म्हणाला.

"लावून बघतील तरी. मग म्हणतील, एक आकडा जास्त आहे, नेस्विकने मरतानाही गोंधळ घातला."

"मी अजून मेलेलो नाही, मार्सेला."

"होय का? चार तास एक शब्द नाही बोललास. मला वाटलं गेलास."

तो हसला. मग गुडघ्यावर हात ठेवून दगडासमोर वाकला आणि त्या गुळगुळीत जागेवर पडलेला पाइनचा चिकट काटा नखाने काढला. उठायला मी त्याला हात दिला. तो हात सोडेना. संख्येकडे पाहत उभा राहिला, आणि मी पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं प्रार्थना म्हणतोय. मग आकडे ऐकू आले. तो दोनशे अकराने भागत होता, डावीकडून, सावकाश, आणि शेवटच्या एकापर्यंत पोचेस्तोवर मार्सेला आणि मी थांबलो.